गळाला लावलेला घास

लेकराला घेऊन मासे धरायला जाण्यासारख्या जागा सोनपेठच्या आसपास कोणत्या, हे तुम्ही मला विचारलंत. माणूस बरोबर निवडलात. कॉलनीत राहायला येऊन तुम्हाला आठवडा झाला नाही, तरी कुणीतरी माझं नाव सांगितलंच. गणिताचे विवेक सर, भिक्षुकाच्या घरात जन्मले आणि गळ टाकत हिंडतात, असंच सांगितलं असेल. हसा, मलाही आधी त्याची गंमतच वाटायची. बसा असे. लाइट काही तासभर येत नाही, हा चार्जिंगचा दिवा तेवढा वेळ टिकतो.

जागा सांगतो. कॅनॉलला पाणी सुटलं असेल तर पुलाच्या खालच्या अंगाला बसा. तिथं पाणी संथ होतं आणि चिलापी पटकन लागते. लेकराला पहिल्या अर्ध्या तासात काहीतरी लागलं पाहिजे, नाहीतर ते खडे मारत बसतं. दिवाळीपर्यंत ओढ्यांवरचे बंधारे चांगले. पाझर तलावावर मात्र काठ निसरडा असतो, लेकराचा हात सोडू नका. कणीक घट्ट मळा आणि तिच्यात चिमूटभर हिंग घाला, वासाला मासा येतो. टोपी, पाणी, बिस्किटं घ्या. एवढं केलं की झालं.

गंगेवर एक जागा आहे. गोदावरीला आपल्याकडे सगळे गंगाच म्हणतात. एका जुन्या घाटाच्या पायऱ्या उतरून डावीकडं वळलं की बाभळीच्या आड डोह लागतो. तिथं तुम्ही जाऊ नका. मासे नाहीत म्हणून नव्हे, तिथल्याइतका मोठा मासा मी दुसरीकडं पाहिलेला नाही. का जायचं नाही, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण सांगताना माझी मान वर राहत नाही. पण तुमची लेक आठ वर्षांची म्हणालात. माझी योगिनीही तेव्हा आठचीच होती.

मला गळ टाकायला शिकवलं ते आमच्या शाळेतल्या सिद्धोधननं. तो विज्ञान शिकवतो, माझा जुना मित्र. आमच्या घरात मासा शिजत नाही, त्यामुळे जे लागेल ते सोडून द्यायचं किंवा त्याच्या पिशवीत टाकायचं, असं ठरलेलं होतं. त्यानंच ती जागा लांबून दाखवली होती. म्हणाला, "सर, इथं मासा लय आहे. पण इथं गळ टाकायचा नाही. इथं लोकं त्यांच्या माणसांना जेवू घालतात." मी मान हलवली. मला ते त्यानं सांगायचीही गरज नव्हती. माझे वडील दत्तोपंत, आमचे अण्णा, चाळीस वर्षं त्याच घाटावर दहावे-बारावे करत होते. पिंड म्हणजे काय, कावळा शिवणं म्हणजे काय, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो.

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन चार दिवस झाले होते. तीन रविवार योगिनीच्या गळाला काही लागलं नव्हतं. तिनं वर्गात सांगून ठेवलं होतं की माझे बाबा एवढा मोठा मासा धरतात, आणि पोरी तिला दर सोमवारी विचारायच्या, कुठंय मासा? तिला तो खायचा नव्हता, ठेवायचाही नव्हता. एकदा हातात धरायचा होता, एवढंच. त्या रविवारी मी अण्णांना सांगितलं, आम्ही पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जातो. अण्णांना फारसं दिसत नाही. त्यांनी चाचपडत देवघरातला नारळ काढला, योगिनीच्या हातात दिला आणि म्हणाले, "माझाही नमस्कार सांगा." तो नारळ पिशवीत, त्याच्या शेजारी कणकेचा डबा, आणि काठ्या सिद्धोधनच्या घरून उचललेल्या. असा आमचा देवदर्शनाचा थाट.

कॅनॉल कोरडा निघाला. बंधाऱ्यावर कुणीतरी जाळं टाकून ठेवलेलं होतं. दहा वाजत आले, ऊन चढलं, आणि योगिनी गाडीवर मागं बसून काही बोलेना. ती रुसली असती तर मी घरी परतलो असतो. ती म्हणाली, "जाऊ द्या बाबा, मी सांगते पोरींना की मी खोटं बोलले." ते ऐकून माझ्यातला बाप पेटला म्हणा, नाहीतर माझा अहंकार म्हणा. मी गाडी घाटाकडं वळवली.

डोहावर कुणी नव्हतं. बाभळीची सावली पाण्यावर पडलेली, आणि त्या सावलीत हाताएवढे रोहू निवांत फिरत होते, माणसाला न भिता. योगिनीनं तोंडावर हात दाबला. आम्ही बसलो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मासे कणकेजवळ यायचे, हुंगायचे आणि निघून जायचे. मग योगिनीचा पाय लागून डबा कलंडला आणि उरलेली कणीक पाण्यात गेली. आता उठावं असं म्हणेपर्यंत घाटाच्या वर ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला आणि माणसं उतरू लागली.

दहावा होता. वीस-पंचवीस माणसं होती, बाया मागं. आणि पुढं पंचा नेसलेले बन्सीधर गुरुजी. हे अण्णांचे शिष्य, आमच्या घरी जेवून गेलेले. दत्तोपंतांचा मुलगा हातात गळ घेऊन घाटावर बसलाय, हे त्यांनी बघितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अण्णांच्या कानावर गेलं असतं. मी योगिनीला ओढून बाभळीच्या बुंध्याआड घेतलं. "गप्प बस," म्हटलं. "ते गेले की आपणही जाऊ."

आड बसलं तरी सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. गेलेली बाई तरुण होती. कालिंदा नाव. तिचा नवरा भागवत पिंडापुढं बसला होता, ताजं मुंडण केलेला. तिचे वडील, माणिकराव, मानवतकडून आले होते. ते फेट्याचं टोक तोंडात धरून उभे होते. आणि त्यांच्या धोतराला धरून एक मुलगी उभी होती, योगिनीएवढीच. तिला सगळे वैष्णवी म्हणत होते.

पिंड पत्रावळीवर ठेवून दगडावर मांडला. कावळे समोरच्या लिंबावर बसलेले होते, सात-आठ तरी. एकही खाली येईना.

"बोला," गुरुजी म्हणाले. "तिचं काय अडलंय ते तुम्हालाच माहीत."

भागवत हात जोडून म्हणाला, "कालिंदे, तुझं वरीसशराद्ध नीट घालतो." कावळे हलले नाहीत. "तुझ्या माळंच्या मण्याला कुणी हात लावणार न्हाई, पोरीलाच ठिवतो." नाही. माणिकराव पुढं सरले. "बाई, तुजी वैष्णवी…" त्यांचा आवाज फुटला. "तिला आमच्याकडं मानवतला…"

"मामा, पोरगी आमची हाय," भागवतचा थोरला भाऊ मधेच म्हणाला. "आमी ऊसतोडीला टोळीवर चाललोत चार दिसानं. तिची काकू हाय, काकूचं लेकरू हाय. तिथं ऱ्हाईल ती, लेकराला बघंल. भागवत, म्हण तसं."

भागवतनं वर बघितलं, मग खाली बघितलं. "पोरगी आमच्याकडंच ऱ्हाईल," तो म्हणाला.

लिंबावरचे कावळे एकदम उडाले आणि गोल फिरून परत तिथंच बसले. अण्णांच्या मागं हिंडून मी शेकडो दहावे पाहिलेत. असा स्पष्ट नकार मी पाहिला नव्हता. गुरुजी म्हणाले, "थोडं मागं सरू. माणसं बघून पाखरू येत नाही. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करू." मंडळी पायऱ्या चढून ट्रॅक्टरच्या सावलीला गेली. माझं लक्ष त्यांच्याकडं होतं, गुरुजी वळून बघतात का, याच्याकडं. योगिनी शेजारून कधी उठली ते मला कळलं नाही.

परत आली तेव्हा तिच्या ओंजळीत भात होता. पांढरा, त्यात काळे तीळ.

"बाबा, तिथं दगडावर होता. कणीक संपली ना आपली."

तिला काय माहीत? आमच्या घरात मुलींना घाटावर नेत नाहीत. पण मला माहीत होतं. आणि हे नीट ऐका, कारण बाकी सगळ्याला मी कसंबसं तोंड देईन, पण याला नाही. वर अजून कुणी वळून बघितलं नव्हतं. पायऱ्या पंधरा पावलांवर होत्या. उठून पिंड होता तसा ठेवून यायला मिनिट पुरलं असतं. मी डोहाकडं बघितलं. या डोहातले मासे पिढ्यान्‌पिढ्या हेच खात आलेत, कणकेला ते कशाला शिवतील, असा हिशेब माझ्या डोक्यात आला. म्हटलं, एकदाच. आणि मी माझ्या हातानं त्यातला घास मोडून, दाबून, गळाला लावला. भात कोमट होता. उरलेला मी कणकेच्या रिकाम्या डब्यात ठेवला.

गळ पाण्यात पडला. मासे आले. चारी बाजूंनी आले, इतके की पाणी काळं दिसायला लागलं. त्यांनी त्या घासाभोवती रिंगण धरलं, तोंडं आत करून. आणि थांबले. एकानंही तोंड उघडलं नाही. मग एकेक करून मागं सरले आणि डोह रिकामा झाला. अगदी रिकामा. पाण्यात तो पांढरा घास तेवढा दिसत होता. भात पाण्यात पडला की फुटतो, विरतो. तो विरत नव्हता.

"बाबा," योगिनी हळूच म्हणाली, "त्यांना नको आहे ते. ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे."

तेवढ्यात वरून ओरडा झाला. "शिवला! शिवला गं माय!"

बाया रडत पायऱ्या उतरल्या. पत्रावळ रिकामी होती. गुरुजींनी ती पाहिली, इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "शेवटचं काय बोलला होतात?" थोरला भाऊ मोठ्यानं म्हणाला, "पोरगी आमच्याकडंच ऱ्हाईल म्हणलो! तेच पायजे हुतं तिला." गुरुजींनी मान डोलावली. माणिकराव काही वेळ त्या पत्रावळीकडं बघत राहिले. मग त्यांनी वैष्णवीचा हात आपल्या धोतरावरून सोडवला, तिच्या बापाच्या हातात दिला आणि म्हणाले, "मायचं म्हणणं हाय बाई. माझं काही चालत न्हाई."

"बाबा, सांगा ना त्यांना," योगिनी म्हणाली. "बाबा, मी घेतला. सांगा ना…"

मी तिच्या तोंडावर हात दाबला. त्याच हातानं मी घास मोडला होता. हाताला तूप आणि तिळाचा वास होता. मंडळी जाईपर्यंत मी तो हात काढला नाही.

उरलेला भात आणि गळाचा घास मी डोहात फेकला, डबा वाळूनं घासला. नारळ गंगेत सोडला. सोनपेठला स्टँडवर पेढे घेतले आणि घरी जाऊन प्रसाद म्हणून अण्णांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते कपाळाला लावले.

दुपारी मोरीपाशी डबा उघडला, तेव्हा पिंड आत होता. पूर्ण, गोल, कुठूनही न मोडलेला. वाफ येत होती.

मी शिकलेला माणूस आहे हो. म्हटलं, फेकल्यासारखं वाटलं असेल, गडबडीत राहिलं असेल. मागच्या परसात खड्डा करून पुरला. संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसले होते, ते म्हणाले, "विवेक, घरात कुणाचा दहावा आहे? तीळभाताचा वास येतोय." मी म्हटलं, शेजाऱ्यांकडचा असेल. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. डब्यात होता.

सोमवारी तो गच्चीवर ठेवला. कावळे आले, कठड्यावर ओळीनं बसले, बघत राहिले. एकानं पंख हलवला नाही. मुंग्या त्याला वळसा घालून जात होत्या. गल्लीतल्या कुत्र्यापुढं टाकला तर ते शेपूट पोटाशी घेऊन कण्हत मागं सरलं. आणि दर वेळी हात लावावा तर भात ऊन. आत्ताच कुणीतरी कुणासाठी तरी शिजवून काढल्यासारखा.

योगिनी रविवारपासून जेवली नव्हती. ताट पुढं ठेवलं की बाजूला सारायची, शांतपणे. प्राचीनं, माझ्या बायकोनं, आधी रागावून पाहिलं, मग गोंजारून. डॉक्टरांनी पोट तपासलं, काही नाही म्हणाले, सायरप दिलं. पाणी तेवढं प्यायची. मंगळवारी रात्री मी तिच्याजवळ बसून विचारलं, "जेवत का नाहीस बाळा?"

"ती कुठं जेवलीय?"

"कोण?"

"ती मोरीपाशी बसते ती. तिला भूक लागलीय, पण ती खाणार नाही. तुम्ही त्यांना खरं सांगा, मग ती जेवेल." मग मोठ्या माणसासारखी समजूत घालत म्हणाली, "तुम्हाला लाज वाटते ना बाबा? मला माहितीय."

मी मोरीकडं बघितलं नाही. तुम्ही म्हणाल, त्याच वेळी का नाही उठलात? मीही रोज हेच विचारतो. बुधवार मी शाळेत घालवला. पोरांना अपूर्णांक शिकवत होतो आणि मनात वाक्यं जुळवत होतो. मी तुमच्या बायकोचा पिंड गळाला लावला. मी शिक्षक आहे. मी दत्तोपंत गुरुजींचा मुलगा आहे. कसंही जुळवलं तरी ते वाक्य तोंडातून निघण्यासारखं होत नव्हतं. आणि दुसऱ्याच दिवशी ती मुलगी टोळीवर जाणार होती, हेही मला माहीत होतं. एकदा उसाच्या फडावर गेली की ती पाटीला हात लावत नाही, दुसऱ्याची लेकरं सांभाळते आणि मोठी झाली की कोयता धरते. अशी रिकामी बाकं माझ्या वर्गात दर दिवाळीनंतर असतात. कालिंदा नाही म्हणत होती ती यालाच.

गुरुवारी सकाळी योगिनी उठताना चक्कर येऊन बसली. तेव्हा मी डबा पिशवीत घातला आणि ट्रॅक्टरवर वाचलेल्या नावावरून भागवतच्या गावाला गेलो.

घरापुढं ट्रक उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्यांचा डालगा, कोयत्यांचं बोचकं, सगळं चढवणं चाललं होतं. वैष्णवी दारात उभी होती. कडेवर काकूचं लेकरू, तिच्या अर्ध्या वजनाचं. माणिकराव एका बाजूला जमिनीवर बसले होते, नातीला निरोप द्यायला आले असावेत.

भागवतनं विचारलं, "कोण तुमी? काय काम हाय?"

मी सांगणार होतो. शपथेवर सांगतो, शब्द जिभेवर होता. पण पंधरा-वीस माणसं वळून बघायला लागली, कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी "सर आलेत, पाणी द्या" म्हणालं. आणि मी म्हणालो, "शाळेतून आलोय. मुलीच्या दाखल्याचं बघायला."

"आता कशाचा दाखला सर," थोरला भाऊ हसला. "ती चाललीय आमच्यासंगं."

"तिला आजोळी ठेवली असती तर… शाळा…"

"तिच्या मायनंच कौल दिला सर. समद्या गावानं बघितलं." त्यानं माणिकरावांकडं बघितलं. "काय मामा?"

माणिकराव उठून माझ्याजवळ आले. म्हातारा माणूस, डोळे लाल झालेले. हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमी शिकलेली माणसं. असं असतंय का ओ? माझी बाई मरायच्या आदल्या दिशी फोनवर म्हणली, आबा, वैष्णवीला न्या. आन मग घाटावर… असं कसं बदललं तिनं?"

पिशवीतला डबा माझ्या मांडीला लागून ऊन लागत होता. मी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "काय सांगावं."

एवढंच म्हणालो मी.

ट्रक सुटला. वैष्णवी मागं गोधड्यांवर बसली होती. गावाकडं, आजोबाकडं न बघता ती माझ्या पिशवीकडं बघत होती. वळणापर्यंत तिनं मान वळवली नाही.

गावाबाहेर येऊन मी गाडी लावली आणि तिथंच बसकण मारली. दोन वाजले असतील. फोन वाजला. प्राची रडत हसत होती. "अहो, जेवली! योगू जेवली! स्वतः ताट मागून घेतलं, तीन पोळ्या खाल्ल्या!" मी डबा उघडला. रिकामा होता. घासून पुसल्यासारखा, एक शीत नाही, तीळ नाही. आतून गार.

तेव्हा मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. सुटलो, असं वाटलं. न सांगताच मिटलं. माफ केलं तिनं. वैष्णवी, माणिकराव, तो ट्रक, यातलं काही त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं. आता आठवलं की स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

घरी आलो. योगिनी अंगणात खेळत होती. अण्णा ओट्यावर होते, त्यांनी मला जवळ बसवलं. ते घाबरलेले मी आयुष्यात कधी पाहिले नव्हते.

"विवेक, खरं सांग. पोरीला कधी घाटावर नेलं होतंस?"

"का अण्णा?"

"दुपारी ती मोरीपाशी बसून बोलत होती. मला दिसत नाही, पण कान आहेत. घाटावर बोलतात ना पिंडापुढं, तसंच बोलत होती. काय हवंय, हे देऊ का, ते देऊ का… आणि उत्तराची वाट बघत होती." अण्णांनी माझं मनगट धरलं. "चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, गेलेल्या माणसापुढं सांभाळून बोला, दिलेला शब्द मागं घेता येत नाही. तिला कुणी सांगितलंच नाही रे."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, बाबांनी सांगितलं नाही. वैष्णवी नाही येणार आता." त्यांनी मोरीकडं तोंड केलं. "मग म्हणाली… मी चालेन का?"

मी अंगणात खेळणाऱ्या योगिनीकडं बघितलं.

"त्या शब्दाला कावळा ओरडला," अण्णा म्हणाले. "इथं, मोरीच्या भिंतीवर. अगदी जवळ."

मी योगिनीला विचारलं. एकदा नाही, शंभरदा विचारलं. ती रागावत नाही, रडत नाही. म्हणते, "तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मी बोलले. आता झालं ना?" अण्णा त्यानंतर दोन महिन्यांनी गेले. त्यांचा दहावा मी केला. कावळा पहिल्या हाकेला शिवला, बहुतेक माझ्याकडून त्यांना काही नकोच होतं. माणिकरावांकडं मी अजून गेलेलो नाही. पत्ता आहे माझ्याकडं, मानवतला जाणारी एसटीही आपल्या स्टँडवरून सुटते. वैष्णवी टोळीबरोबर उन्हाळ्यात परत आली, यंदा पुन्हा जाईल, असं सिद्धोधन सांगत होता. ज्याला सांगायला हवं त्याला सोडून मी हे तुम्हाला सांगतोय, हेही मला कळतं.

योगिनी चांगली आहे. जेवते, शाळेत जाते, वजन वाढलंय. गळाला हात लावत नाही, तेवढंच. आणि एक आहे, ते प्राचीच्याही नीट लक्षात आलेलं नाही. त्या गुरुवारपासून योगिनीनं तिला आई म्हणून हाक मारलेली नाही. जवळ जाते, पदर ओढते, समोर उभी राहून बोलते. पण हाक मारत नाही. प्राची म्हणते, मोठी व्हायला लागली, लाजते. मी हो म्हणतो. तेही मी तिला सांगितलेलं नाही.

थांबा. जरा गप्प बसा…

ऐकलंत? मागं, मोरीपाशी. "आई, वाढ ना" म्हणाली.

नाही हो. प्राची परवाच माहेरी गेलीय. घरात आम्ही दोघंच आहोत.